घाटावरून कारवारला आलात? मग पहिलं जिवंत ख्रिसमस ट्री असं आणा आणि असं जगवा

नाताळाला प्लास्टिकचं नको, जिवंत झाड पाहिजे असं घरात दोघांचं ठरलं असेल आणि राहायला समुद्राच्या आसपास असाल, तर एक गोष्ट आधीच सांगते. झाड डिसेंबरकडं बघून घेऊ नका, जून-जुलैकडं बघून घ्या. नाताळाचे दिवस किती, तर दहा-पंधरा. पावसाळा चार महिने, त्यात इथला वारा. डिसेंबरात सगळीच झाडं देखणी दिसतात, कुठलंही उचला, चार चांदण्या लावल्या की झालं, खरी परीक्षा मृगापासून चालू होतेय.

मी खानापूरकडची, नवरा बेळगावातल्या शहापूरचा, आणि नोकरीमुळं आमचं बिऱ्हाड आता कारवारला, काळी नदीच्या पल्याड सदाशिवगडच्या बाजूला. माझ्या माहेरी नाताळ, त्याच्या घरी गणपती, त्यामुळं आमच्याकडं दोन्ही दणक्यात होतंय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून कोणी ना कोणी बदली होऊन इकडं येतंय आणि जिवंत झाडाचं विचारतंय, म्हणून एकदाच सगळं लिहून सोडते.

पहिलं काम: कुठलं झाड ते ठरवा

परदेशी फोटोत दिसतंय ते फर किंवा स्प्रूस इथं विसरा. ती थंडीतली झाडं, त्यांना कडक हिवाळा लागतोय, आणि कारवारचा हिवाळा म्हणजे पहाटे पंखा एक नंबरवर. कोणी ऑनलाइन ‘ओरिजिनल ख्रिसमस पाइन’ म्हणून छोटी रोपं विकत असेल तर पैसे घालवू नका.

मोरपंखी, म्हणजे नर्सरीवाले ज्याला थुजा म्हणतात ती, स्वस्त मिळते आणि दाट दिसते, पण तिच्या फांद्या उभ्या वर जाणाऱ्या. काहीही टांगलं की फांदी बाहेर फाकून खाली येतेय आणि झाडाला मधूनच भगदाड पडल्यासारखं दिसतंय. शिवाय सतत ओलावा असला की आतनं तपकिरी पडत जातेय. बेळगावात अंगणात ठीक आहे, किनाऱ्यावर मी तरी घेणार नाही.

सुरूची गोष्ट वेगळी. आमच्या माहेरी कायम सुरूचीच फांदी असायची, बादलीत वाळू भरायची, त्यात रोवायची, बादलीला क्रेप पेपर गुंडाळायचा, झालं ट्री. गोव्यात आणि इकडं किनाऱ्यावरही ही पद्धत जुनी आहे. सुरूची हिरवी सुई हातात घेऊन ओढून बघा, बारीक सांध्यासांध्यावर टकटक सुटत जातेय, कारण ती सुई नसतेच, बारीक डहाळी असते, आणि खरी पानं त्या प्रत्येक सांध्यावर दातांसारखी इवलीशी चिकटलेली असतात. वाऱ्याला आणि खाऱ्या हवेला सुरूसारखं दुसरं झाड नाही, म्हणून तर कारवारच्या किनाऱ्यावर रांगाच्या रांगा लावल्यात. पण कुंडीत ते फार दिवस खूश राहत नाही, भराभर उंच होतंय. आणि किनाऱ्यावरची सुरूची फांदी तोडून आणायचा विचार करू नका, ती बहुतेक ठिकाणी वनखात्याची लागवड असते आणि वारा अडवायलाच ठेवलेली असते.

राहिलं अरोकेरिया. नर्सरीच्या बोर्डावर नुसतं ‘ख्रिसमस ट्री’ लिहिलेलं असतंय, ते बहुतेक हेच. घ्यायचं तर हेच घ्या. कारण हे झाड मुळातच समुद्राच्या वाऱ्यातलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात नॉरफोक नावाचं बेट आहे, तिथल्या कड्यांवर ही झाडं थेट लाटांच्या तोंडावर उभी असतात. कॅप्टन कुक १७७४ साली तिथं पोचला तेव्हा ही सरळसोट खोडं बघून त्याला वाटलं की जहाजाच्या डोलकाठ्यांची सोय झाली, नंतर कळलं की लाकूड त्या कामाला पुरेसं मजबूत नाही. ह्याचाच एक चुलतभाऊ न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, त्याला कुक पाइन म्हणतात, आणि आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बऱ्याचदा तोच नॉरफोकच्या नावावर खपतोय. रोप लहान असताना दोघांतला फरक ओळखणं मुश्किल, आणि आपल्याला त्याचं काही अडत पण नाही, वारा-मीठ दोघंही सोसतात.

कधी आणि कुठनं

दिवाळी झाली की लगेच बघायला सुरुवात करा. १५ डिसेंबरनंतर गेलात तर भाव चढलेला असतोय, चांगली रोपं उचलून झालेली असतात आणि उरलेल्यांवर सोनेरी नाहीतर पांढरा रंग फवारून ठेवलेला असतोय. असं रंगवलेलं झाड फुकट दिलं तरी नको, पानांवर थर बसलेला, झाड श्वास घेणार कसं?

कारवारातपण नर्सऱ्या आहेत, पण आम्ही झाड बेळगावातनंच आणलं, एक तर निवड जास्त, दुसरं म्हणजे सासूबाईंना भेटून येता येतंय. तिसरं कारण खरं महत्त्वाचं, विचारून घेता येतंय की रोप किती दिवस झाले इथं आहे. बराच माल बाहेरून ट्रकनं येतोय, पुण्याकडून, आंध्रातल्या कडियमकडून, आणि ट्रकमधून कालच उतरलेलं रोप आज घेतलं तर ते अजून त्या प्रवासातनंच सावरलेलं नसतंय, त्याला परत घाट उतरवायचा म्हणजे डबल त्रास. नर्सरीत निदान महिनाभर मुरलेलं रोप मागा. आमच्या नर्सरीवाल्या काकांनी स्वतःच सांगितलं, ‘‘ताई, ते पुढचं नको, ते परवाच आलंय. मागं कोपऱ्यात आहे बघा, ते घ्या, दिसायला जरा मळकं आहे पण बसलंय चांगलं.’’ असा माणूस भेटला की त्याचा नंबर घेऊन ठेवायचा.

रोप हातात घेतलं की काय बघायचं

अरोकेरियाच्या फांद्या मजल्या-मजल्यानं येतात. खोडाच्या एकाच उंचीवरून चार ते सात फांद्या चहूबाजूंनी निघतात, मग थोडं मोकळं खोड, मग पुढचा मजला. तर खाली वाकून सगळ्यात खालचा मजला बघा. तिथल्या फांद्या पूर्ण आहेत का, की दोन-तीन वाळून गळल्यात? ह्या झाडाचा नियमच असा की गेलेली फांदी त्या जागी परत फुटत नाही. खालनं टक्कल पडलेलं झाड कायम टक्कलच.

मग शेंडा. शेंडा एकच आणि शाबूत पाहिजे. मोडलेल्या शेंड्याचं झाड पुढं दोन तोंडं काढतंय नाहीतर वाकडं वाढतंय, आणि तो मुलांसाठीचा सुबक त्रिकोण कधीच येत नाही.

कुंडीत खोडं किती आहेत तेही मोजा. दाट दिसावं म्हणून एकाच पिशवीत तीन-चार रोपं घुसवलेली असतात. पहिल्या नाताळाला ते छान भरगच्च दिसतंय, दुसऱ्या वर्षी आपापसात मारामारी सुरू, मुळं एवढी गुंतलेली की वेगळी करायला गेलात तर एखादं तरी मरणार. पावसाळ्यात टिकायचं असेल तर एकखोडी रोपच घ्या, दिसायला विरळ असलं तरी.

पानांच्या बगलेत पांढरा कापसासारखा ठिपका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, असलं रोप तिथंच ठेवा. शेवटी खोड बुंध्याशी धरून अगदी हलकं हलवा. मातीसकट सगळं एकत्र हललं तर मुळं धरलीत, खोड एकटंच सैल डुगडुगलं तर नुकतंच बदलून लावलंय.

उंची किती? पहिल्यांदाच घेताय तर कमरेएवढं पुरे. डोक्याएवढं झाड फोटोत भारी दिसतंय, पण वादळाच्या रात्री ते दोघांनी मिळून उचलायचंय हे लक्षात असू दे.

घाट उतरवताना

आमचा रस्ता खानापूर, रामनगर, जोयडा, मग अणशी घाट आणि कद्रा करत कारवार. वळणं भरपूर. झाड गाडीत उभं मावत असेल तर उत्तम, कुंडी दोन सीटच्या मधल्या खाचेत बसवून बाजूला गोणपाट कोंबायचं. नाहीतर आडवं. आडवं घालायच्या आधी फांद्या खालून वर हलक्या हातानं मिटवत न्यायच्या, छत्री मिटवतो तशा, आणि जुन्या सुती साडीत सैल गुंडाळायच्या. सुतळीनं आवळून बांधू नका, फांदी खोडाशी जिथं जोडलेली असते तिथंच चटकन मोडते. शेंडा गाडीच्या पुढच्या बाजूला, काचेला न टेकता. टेम्पोत किंवा कॅरियरवर उघडं टाकून आणलंत तर वाऱ्यानं पानं एका बाजूनं करपून पोचतील.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, हवा कोरडी, रात्री गार. इथं खाली दमट, रात्री फारसं गार नाही. माणसांना पहिले पंधरा दिवस घामाचा त्रास होतोय तसा झाडालाही हा बदल जाणवतोय, म्हणून आल्या-आल्या कुंडी बदलू नका, खत घालू नका, सजवायला तर मुळीच घेऊ नका. पंधरा दिवस पूर्वेकडच्या व्हरांड्यात नाहीतर झाडाच्या विरळ सावलीत नुसतं ठेवून द्या. म्हणूनच म्हटलं, दिवाळीनंतर लगेच.

पाणी बेळगावच्या हिशोबानं घालू नका. तिथं कोरड्या वाऱ्यानं माती लवकर सुकते, इथं सुकत नाही. बोट मातीत दोन पेरं खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

कुंडी आणि माती

वादळी किनाऱ्यावर कुंडी म्हणजे नांगर. हलकी प्लास्टिकची उंच कुंडी वाऱ्याला पहिल्यांदा पडणार. बुटकी, रुंद बुडाची, सिमेंटची किंवा जाड मातीची घ्या. जुन्या कुंडीपेक्षा दोन-तीन इंच मोठी बास, एकदम टब आणला तर मुळं नसलेली माती ओली राहून कुजते. खाली भोकं भरपूर, आणि कुंडी थेट जमिनीवर न ठेवता तीन जांभ्याच्या तुकड्यांवर, म्हणजे जुलैत खालनं पाणी वाहून जाईल. कारवारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बेळगाव शहराच्या दुपटीहून जास्त, त्यामुळं निचरा नसेल तर बाकी सगळं केलेलं वाया.

मातीत लाल माती एक भाग, जाड नदीची वाळू एक भाग, कुजलेलं शेणखत अर्धा भाग, थोडं कोकोपीट. वाळू समुद्राची अजिबात नको. फुकट आहे, दाराशी आहे, म्हणून मोह होतोय, पण त्यातलं मीठ मुळाला लागलं की संपलं. इथंच नवीन लोक गोंधळतात, कोणी सांगितलेलं असतंय की हे झाड खारं सोसतंय. सोसतंय ते पानावर येणाऱ्या वाऱ्यातलं. कुंडीत साचत गेलेलं मीठ वेगळं, तिथनं ते कुठं जाणार?

त्यात विहिरीचा एक मुद्दा. नदीच्या तोंडाशी, खाडीजवळ विहीर असेल तर मार्च-एप्रिलनंतर पाणी मचूळ होतंय. चूळ भरून बघा, जिभेला कळतंय. असं पाणी रोज घातलं की कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते आणि पानांची टोकं तपकिरी व्हायला लागतात. त्या महिन्यांत झाडापुरतं नळाचं पाणी बाजूला ठेवा, आणि महिन्यातनं एकदा भरपूर गोडं पाणी ओतून कुंडीतली माती धुवून काढा, खालच्या भोकातनं पाणी मोकळं वाहू दे.

सजवायचा आठवडा

घरात आणायचं १५-१६ डिसेंबरच्या पुढं, आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला बाहेर. त्याहून जास्त दिवस घरात ठेवलं तर खालच्या फांद्या पिवळ्या पडतील. जागा खिडकीजवळ, उजेड भरपूर, थेट पंख्याखाली नको, एसीच्या झोतात नको, फ्रिजच्या मागच्या गरम हवेत तर नकोच. दोन-तीन दिवसांनी कुंडी थोडी फिरवायची, नाहीतर झाड खिडकीकडं मान वळवून बसतंय.

फांद्या दिसायला टणक पण असतात मऊ, एका फांदीवर मोठा काचेचा गोळा लावला की ती खाली झुकते आणि झुकलेलीच राहते. म्हणून हलकं सामान. कागदाच्या चांदण्या, काथ्याच्या वळ्या, करवंटी घासून केलेले पातळ तुकडे. शिंपले लावायचे असतील तर आधी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून मीठ काढा, आणि लावायचे ते खोडाच्या जवळ, फांदीच्या टोकाला नाही. वर सांगितलेल्या शेंड्याची काळजी इथं सगळ्यात जास्त, मोठा तारा कधीही शेंड्यावर खोचू नका. खोडामागं मातीत बांबूची बारीक काठी रोवा, शेंड्यापेक्षा चार बोटं उंच, आणि तारा त्या काठीला बांधा. समोरनं बघणाऱ्याला काठी दिसत नाही.

माळा एलईडीच्या, जुन्या गरम होणाऱ्या बल्बच्या नकोत. खाली येशूजन्माचा गोठा मांडताना आपण पेंढा घालतो, त्यावर मेणबत्ती ठेवायची सवय असेल तर ती गोठ्याच्या लांब, वेगळ्या टेबलावर. कापूस बर्फ म्हणून पसरायची हौस असेल तर फांद्यांवर नको, कुंडीच्या काठाला पसरा. स्प्रेचा बर्फ नको. रात्री चर्चला मिस्साला निघताना माळेचं बटण बंद, प्लगसुद्धा काढा, कारण इथं करंट गेला-आला की कधीकधी जोरात येतोय.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी झाडाला आधी हळदीकुंकू लावलं आणि मग नेवरीची बशी खाली ठेवली. झाडाला काही झालं नाही. मुंग्या मात्र आल्या, तर गोडाधोडाच्या बशा जरा लांब.

आता वाऱ्याचं

हे नीट वाचा, बाकी चुकलं तर झाड जाईल, हे चुकलं तर माणसाला लागेल.

घाटावर आपल्याला पाऊस माहीत असतोय. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं पडतोय तो पाऊस काही कमी नसतोय. पण समुद्राचा वारा वेगळा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं सलग येतोय, झुळूक म्हणून नाही तर रेटा म्हणून. आणि अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः दोन वेळेला, मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ इथनं समुद्रातनं वर सरकत गेलं तेव्हा उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावर लाटा घरांपर्यंत आलेल्या. म्हणजे झाड घरी आणून सजवायचा काळ पण वादळाच्या हंगामाच्या शेपटातच येतोय, डिसेंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

इशारे कसे वाचायचे ते शिकून घ्या. हवामान खात्याचा पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल. बंदरावर बावटा लागतो, ३ नंबरचा बावटा म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका बंदराला आहे, छोट्या होड्या बाहेर जात नाहीत. आणि शेजारी मच्छीमार घर असेल तर त्यांना विचारा. कर्नाटकात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढलेल्याच असतात, पण बाकीच्या महिन्यांत एखाद्या दुपारी सगळे मिळून होड्या नेहमीपेक्षा वर ओढायला लागले तर फोनवर काही आलेलं नसलं तरी समजून जा.

पिवळा लागला की कुंडी कठड्यावरून, जिन्याच्या टोकावरून, गच्चीच्या काठावरून खाली. खरं तर कुंडी कठड्यावर कधी ठेवूच नका, बाराही महिने. वरून पडलेली सिमेंटची कुंडी काय करेल ते सांगायला नको.

ऑरेंज लागला की झाडावर जे काही टांगलेलं आहे ते सगळं काढा, व्हरांड्यातली माळ आणि दारावरचा कंदीलपण. कुंडी घराच्या पूर्वेच्या भिंतीला टेकवून, कोपऱ्यात. आत घेता आली तर आत. आत जागा नसेल तर झाड जमिनीवर आडवं करून ठेवा, भिंतीच्या आडोशाला, शेंडा वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे वारा पश्चिमेचा असेल तर शेंडा पूर्वेकडं, आणि कुंडीला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे चिरे लावा म्हणजे लोळत जाणार नाही. एक-दोन दिवस आडवं पडून राहिल्यानं झाडाला काही होत नाही. उभंच ठेवायचं असेल तर खोड जुन्या साडीच्या रुंद पट्टीनं दोन बाजूंना बांधा, थोडं हलेल इतकं सैल. ताठ बांधलेलं खोड मोडतंय, नायलॉनची दोरी साल कापतेय.

रेड लागला की झाड सोडा. पिण्याचं पाणी भरून घ्या, फोन, टॉर्च, इन्व्हर्टर चार्ज करा, गच्चीवरच्या पाण्याच्या वाटा पालापाचोळा काढून मोकळ्या करा, सुटे पत्रे बांधा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. गाडी सुरूच्या, नारळाच्या झाडाखाली लावू नका. ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ फोनमध्ये सेव्ह असू दे. वारा एकदम पडला तर लगेच बाहेर धावू नका, वादळाचा मधला भाग जात असेल तर उलट्या दिशेनं परत येतोय.

वादळ गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाला पाइपनं गोड्या पाण्याची अंघोळ, वरून खाली, पानांच्या दोन्ही बाजू. हे विसरू नका. पाऊस पडला म्हणजे मीठ धुतलं गेलं असं वाटतंय, पण शेवटच्या तासाला नुसताच खारा फवारा आलेला असला तर तो वाळून पानावरच बसतोय आणि मग चार-सहा दिवसांनी समुद्राकडची बाजू तपकिरी पडायला लागते. झाड कललं असेल तर एका झटक्यात सरळ करू नका, काठी लावून थोडं-थोडं. मोडलेली फांदी तेवढी स्वच्छ कापायची, नुसतं टोक वाळलंय म्हणून कात्री घेऊन बसायचं नाही, आणि शेंड्याला कात्री लावायची नाहीच.

बाकीचे महिने थोडक्यात

६ जानेवारीनंतर झाड थेट उन्हात नको, आठवडाभर व्हरांड्यात, मग सकाळचं ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी सावली. दुपारनंतर खारे वारे सुटतात तेव्हा पश्चिमेच्या बाजूला आडोसा असला तर बरं, आठवड्यातनं एकदा पानं धुवायची. जूनपासून पूर्वेची बाजू, पाणी घालायचं काम आभाळाकडं. पावसाळ्यात खत घालू नका, सगळं वाहून जातंय, सप्टेंबरात उघडीप पडली की मूठभर गांडूळखत. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारायचं, ऊन असताना नाही. कुंडी दोन-तीन वर्षांनी बदलायची.

पानं पिवळी आणि मऊ म्हणजे पाणी जास्त. तपकिरी आणि कुरकुरीत म्हणजे पाणी किंवा उजेड कमी. नुसती टोकं तपकिरी म्हणजे मीठ. एवढ्या तीन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ.

चार-पाच नाताळानंतर झाड छताला लागेल. मग जमिनीत लावायचं की कोणाला द्यायचं ते बघा. जमिनीत लावणार असाल तर सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरताना, घरापासून आणि विजेच्या तारांपासून निदान वीस फूट लांब, कारण हे झाड मूळच्या बेटावर ५० मीटरच्या वर जातंय, आपल्याकडं तेवढं नाही गेलं तरी दुमजली घर सहज ओलांडतंय. वाढता वाढता ते दक्षिणेकडं थोडं कललं तर घाबरून आधार द्यायला जाऊ नका. कुक पाइनची ती सवयच आहे, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरची झाडं मोजली तर विषुववृत्ताच्या उत्तरेकडची दक्षिणेकडं झुकलेली आणि दक्षिणेकडची उत्तरेकडं. तेव्हा दक्षिणेला घर नसेल अशीच जागा निवडा. स्वतःची जागा नसेल तर चर्चच्या नाहीतर शाळेच्या आवारात विचारा, पण देताना पहिल्या दोन उन्हाळ्यांचं पाणी कोण घालणार ते आधी ठरवून घ्या.